भटका माणूस गिरणीच्या भोंग्यापर्यंत कसा आला?

दोंडाईच्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "स्पर्धा परीक्षेसाठी मानवी समाजाचे टप्पे पाठ केलेत. भटकं जीवन, पशुपालन, शेती, नगरं, उद्योग. पण एकातून दुसरं का निघालं हे नीट कळत नाही. आणि आमच्या शेतात दर हिवाळ्यात ठेलारी मेंढपाळ मेंढ्या घेऊन उतरतात. मग ते दुसऱ्या टप्प्यावरच राहिलेत असं समजायचं का?"

प्रश्नाचं शेपूट तोंडापेक्षा मोलाचं आहे. तुम्हाला टप्पे येतातच. तुम्हाला खुपतंय ते हे की पुस्तकातला क्रम आणि बांधावर दिसणारी माणसं यांचा मेळ बसत नाही. तो मला तीस वर्षं इतिहास शिकवतानाही बसला नाही, म्हणून मी शेवटी शिकवण्याची पद्धतच बदलली. आधीच सांगून ठेवतो की "का" याचं उत्तर जागेवर अवलंबून आहे. पाणी कुठे, जमीन कशी, शेजारी कोण, वरून वसुली कोण करतो, यावर. जगाला एकच उत्तर लावायला गेलं की घोटाळा होतो.

हा जिन्यासारखा क्रम आमच्या डोक्यात बसतो त्याला आम्ही उत्खननवालेही जबाबदार आहोत. खड्ड्यात खालचा थर जुना, वरचा नवा. विद्यार्थी असताना पहिल्याच हंगामात मी एक पराक्रम केला होता. ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या) थरात, लालवर काळी नक्षी असलेल्या खापरांच्या शेजारी, मला काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला. ओरडत सरांकडे गेलो. ते सावकाश आले, थापीने खड्ड्याची भिंत खरवडली आणि एका गोल डागावर बोट ठेवलं. आजूबाजूची माती घट्ट, तेवढी भुसभुशीत. उंदराचं बीळ! वरच्या काळातली बांगडी बिळातून पुरुषभर खाली उतरली होती. त्या दिवसापासून कुठलाही स्वच्छ क्रम दिसला की मी आधी बीळ शोधतो.

आता मुळापासून. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर येऊन सुमारे ३ लाख वर्षं झाली. हे सगळं शंभर वर्षांच्या आजीबाईचं आयुष्य धरलं, तर तिची शहाण्णव वर्षं शिकार आणि कंदमुळं-फळं गोळा करण्यात गेली. शेती आली ती शेवटच्या चार वर्षांत आणि कारखाना शेवटच्या महिन्यात. तेव्हा "भटकं जीवन" हा टप्पा एका ओळीत उरकू नका.

त्या शहाण्णव वर्षांतला एक तुकडा आपल्या अगदी जवळ आहे. चाळीसगावजवळ पाटणे गावी सां. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे गिरणा नदीच्या खोऱ्यात तेव्हा शहामृग पळत होते आणि त्यांच्या कवचावर नक्षी काढायला माणसाकडे सवड होती. (याच पाटण परिसरात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याची नोंद त्यात आहे. एका गावाने किती सांभाळावं!) ही माणसं दिशाहीन भटकत नव्हती. कुठल्या महिन्यात कुठल्या नाल्यात पाणी, कुठल्या झाडाला कधी बहर, हे त्यांना तोंडपाठ असणार. त्यावाचून पोट भरलंच नसतं.

मग शेती इतकी उशिरा का? माझं उत्तर असं की एक तर ती परवडत नव्हती, आणि दुसरं म्हणजे हवामान तिला टिकू देत नव्हतं. हिमयुगात हवा लहरी होती. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी ती उबदार आणि बरीच स्थिर झाली. त्यानंतर काही हजार वर्षांत पश्चिम आशियात गहू-जव, चीनमध्ये तांदूळ आणि राळ्यासारखी भरडधान्यं, मेक्सिकोत मका, अशी शेती ठिकठिकाणी स्वतंत्रपणे उगवली. कुणी एकाने शोध लावला आणि जगाने उचलला असं झालं नाही. पश्चिम आशियात तर काही लोक शेती करण्याआधीच एका जागी राहू लागले होते, कारण जवळपास रानगहू मुबलक होता. "आधी शेती, मग घर" हा क्रमसुद्धा तिथे उलटा पडतो.

रानटी धान्याचं पीक कसं झालं ते समजून घ्यायला तिळाचं वावर बघा. तीळ काढायला दोन दिवस उशीर झाला की बोंडं उलतात आणि दाणे जमिनीवर. रानगव्हाचं असंच होतं. पिकला की दाणा गळायचा, कारण झाडाला बी पसरवायचं असतं. माणूस कापायला जायचा तेव्हा त्याच्या हाती जास्त करून न गळणारी कणसं लागायची. त्यातलंच बी पुढच्या वर्षी पेरलं जायचं. शेकडो पिढ्या असं होत गेलं आणि शेवटी असा गहू तयार झाला जो माणसाने झोडपल्याशिवाय कणीस सोडत नाही. माणसावाचून त्याचं भागेना आणि त्याच्यावाचून माणसाचं. तिळाने अजून पुरती शरणागती पत्करलेली नाही, एवढाच फरक.

शेतीने माणूस सुखी झाला का? लगेच तर नाही. बऱ्याच ठिकाणच्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे आधीच्या शिकाऱ्यांपेक्षा खुजे आहेत आणि दात जास्त किडलेले. मग सोडली का नाही? कारण पोरं. सतत चालणाऱ्या बाईला एका वेळी एकच लेकरू कडेवर घेता येतं, त्यामुळे दोन बाळंतपणांत तीन-चार वर्षांचं अंतर पडे. घर एका जागी आलं, पेजेवर मूल वाढू लागलं, आणि पाळणा लवकर हलू लागला. चार पिढ्यांत इतकी तोंडं झाली की रान त्यांना पोसू शकेना.

खानदेशात शेतकरी गावं दिसतात ती साधारण ४ हजार वर्षांपूर्वीपासून. तापीकाठच्या सावळद्यावरून एका संस्कृतीला नावच पडलं. साक्री तालुक्यात कावठ्याला त्या काळच्या, जमिनीत अर्ध्या बुडवलेल्या झोपड्यांच्या खुणा मिळाल्या. गिरणेकाठी बहाळ आणि तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे ही तर जुनीच नावं. प्रकाश्याला १९५५ मध्ये बा. कृ. थापर यांनी खणलं तेव्हा ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगाच्या सुरुवातीपर्यंतचे चार काळ एकावर एक मिळाले.

इथे आपल्या भाषेतली एक जोडी कामाला येते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरी पांढरी का? तर शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, हाडं यांनी ती फिकट, भुरभुरीत झालेली असते. जुन्या गावाची पांढरी शेजारच्या शेतापेक्षा उंच दिसते ती त्यामुळेच. शेतकऱ्याला हे इतकं पक्कं ठाऊक की पिढ्यान् पिढ्या पांढरीची माती गाड्या भरभरून खत म्हणून शेतात नेली गेली. आमच्या दृष्टीने ती पुराव्याची लूट, त्याच्या दृष्टीने फुकटचं खत. मी त्याला दोष देत नाही, पण गाडी भरताना बघवत नाही हेही खरं.

माझ्या मते भटका आणि स्थिर यांतला खरा फरक साठ्यात आहे. नुसता नांगर बघून तो कळत नाही. चालणाऱ्याला घोड्यावर मावेल तेवढंच ठेवता येतं. बसणाऱ्याला जमिनीतलं धान्याचं पेव आहे, कणगी आहे. आणि साठा आला की राखण आली, मोजदाद आली, वाटणी आली, वाटणीवरून भांडण आलं, भांडण मिटवणारा आला आणि काही दिवसांनी त्या मिटवणाऱ्याची कणगी सगळ्यांत मोठी झाली. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला, जिथे १९६८ पासून चौदा-पंधरा वर्षं उत्खनन चाललं, पाच खोल्यांचं एक घर मिळालं. बाकी घरं लहान. त्या मोठ्या घराला लागूनच धान्याचं कोठार. तो गावच्या मुखियाचा वाडा असावा असं उत्खननकर्त्यांनी मानलं.

इनामगावचं पुढचं मात्र पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास तिथली चौकोनी ऐसपैस घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या. शेती आक्रसली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकारीवरचा भर वाढला. पावसाने दगा दिला आणि माणसं पुन्हा चालती झाली, अशी मांडणी पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी केली. हवामानाला किती दोष द्यायचा यावर मतभेद आहेत, पण बदल जमिनीत दिसतो. मी वर्गात हे सांगितलं की कुणीतरी विचारायचंच, "सर, म्हणजे ते मागे गेले?" मी विचारायचो, दुष्काळात गुरं घेऊन छावणीला जाणारा तुझा आजा मागे गेला होता का?

नगरं आणि राज्यं यांवर थोडक्यात आटोपतो, ते तुमच्या पुस्तकात चांगलं असेल. साठा वाढला की न पेरणारी माणसंही खाऊ शकतात. कुंभार, लोहार, व्यापारी, भिक्खू, शिपाई, सगळे त्यात आले. चाळीसगावहून घाट चढून जाणाऱ्या वाटेच्या अंगाला पितळखोरे ही बौद्ध लेणी आहे ती काही ओसाडीत नव्हे. वाट होती, तांडे होते, दान देणारे होते. पुढे फारुकी सुलतानांचं बुऱ्हाणपूर आलं, १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, आणि सतराव्या शतकात बुऱ्हाणपूरचं कापड सुरतेच्या बंदरातून पश्चिम आशियात जात होतं. कारखाना नव्हता, पण उद्योग होता. आणि अहिराणी बोलणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तिचं नाव ज्या अहिरांवरून, आभीरांवरून आलं ते मूळचे गुरं राखणारे. तिसऱ्या शतकात त्यांच्यातला ईश्वरसेन राजा होता. नाशिकच्या लेण्यात त्याचा लेख आहे. गुराखी ते राजा ही उडी शेतकरी होण्याची वाट बघत बसली नाही.

शेतीविषयी एक गोष्ट मात्र थांबून बघण्यासारखी आहे, ती म्हणजे पांझरा नदीवरची फड पद्धत. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू किंवा भात, पुढच्या वर्षी फेरपालट. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन बहुधा प्रत्येक फडात. पाणी कमी पडलं तर एखादा फडच कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा सगळ्यांचा सारखा. पाणी सोडणारा पाटकरी शेतकऱ्याच्या सांगण्याने दार उघडत नाही, पंचांच्या ठरावाने उघडतो. मी मुलांना पाटावर उभं करून विचारायचो, इथे सगळ्यांत महत्त्वाचं यंत्र कोणतं? कुणी म्हणे बंधारा, कुणी दार. एका मुलीने सांगितलं, "पंच." तिला मी त्या दिवशी भजी खाऊ घातली. लोखंडी फाळाइतकाच वाटपाचा नियम हाही शेतीचा शोध आहे.

आता एक गोष्ट, जी टप्प्यांच्या यादीत कधीच नसते: स्थिर होणं हे नेहमी मर्जीने होत नाही. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. सातपुड्यातल्या आणि सातमाळ्यातल्या भिल्लांना आवरण्यासाठी १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी राहिली. दुसऱ्या हाताने बैल-नांगरासाठी तगाई (सरकारी कर्ज) देऊन त्यांना शेतीला लावलं गेलं. हिंडणाऱ्यावर सारा (जमिनीचा कर) बसवता येत नाही, हे त्यामागचं साधं गणित. बसलेल्यांचंही सुख बघा. १८५२ मध्ये जमीन मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी तिच्याविरुद्ध उठले. साखळी लावून मोजलेली जमीन म्हणजे पळवाट नसलेला सारा, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. १८७१ मध्ये तर कायद्याने कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का पुसायला १९५२ उजाडावं लागलं.

उद्योगाकडे येऊ. इंग्लंडातच का, याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दगडी कोळसा जवळ आणि स्वस्त होता, मजुरी महाग होती, म्हणून यंत्रावर पैसा घालणं परवडत होतं. खाणीत पाणी भरायचं ते उपसायला १७१२ मध्ये न्यूकोमेनचं इंजिन आलं, १७६९ मध्ये वॉटने त्याची कोळशाची भूक कमी करणाऱ्या सुधारणेचं पेटंट घेतलं. त्याच्याच आसपास सूतकताईची यंत्रं निघाली. पण हेही लिहा की १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी भारतीय छापील कापडाला इंग्लंडात बंदी होती. मागचं दार लावून घेतलेल्या घरात यंत्र वाढलं. आणि कच्चा कापूस अमेरिकेतल्या गुलामांच्या हातचा होता. तोवर सगळा जोर अंगाचा, बैलाचा, वाऱ्याचा नाहीतर वाहत्या पाण्याचा होता, म्हणजे त्या त्या वर्षीच्या उन्हापावसाचा. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांचं साठवलेलं ऊन. पेव आणि कोळशाची खाण मी म्हणूनच एकाच धड्यात शिकवायचो.

खानदेशात ते पोचलं कापसाच्या गाडीतून. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, भाव चढले. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी उभी राहिली. यादवी संपली, भाव कोसळले, कर्ज राहिलं. घरी रेच्यावर सरकी काढणाऱ्या बायांचं काम वाफेवरच्या जिनिंग यंत्राने घेतलं. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणारे बंजारे रेल्वेने बेकार झाले. त्यांचे तांडे आज चाळीसगाव-पाचोरा-जामनेर भागात गावं म्हणून बसलेले दिसतात. १८७० च्या दशकात जळगावात सूतगिरणी आली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमळनेरला प्रताप मिल. त्याच अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, ज्याला आज जग विप्रो म्हणून ओळखतं.

माझे थोरले काका तालुक्याच्या गावी गिरणीत साचेवाले (मागावरचे कामगार) होते. ते सांगायचे, गावात घड्याळ दोन-चार घरी, पण भोंगा सगळ्यांच्या कानात. पहिल्या पाळीच्या भोंग्यावर आजी चूल पेटवायची. शेतकऱ्याला ऊन उठवतं, थोडं उशिरा उठला तर फक्त त्याचा बैल रुसतो. भोंग्यानंतर पाच मिनिटांनी गेट बंद. पुढे गिरणी बंद पडली, देणी वर्षानुवर्षं अडकली, आणि चाळिशीतले काका वळकटी बांधून सुरतेला गेले. तिथल्या उधना-लिंबायत भागात आजही अहिराणी कानावर पडते ती अशाच वळकट्यांमुळे. सातपुड्यातले मजूर दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला किंवा पावसाआधी परततात. उद्योगाने माणूस बसवला म्हणता, तर हे काय?

आता तुमचे ठेलारी. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या वावरात त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसह मुक्काम, बसला होता. जाळी लावून मेंढ्या आत, घोड्याच्या पाठीवरून उतरलेलं डालगं, त्यात कोंबड्या, एक कोकरू पोत्यात मान बाहेर काढून. मी विचारलं, गाव कोणतं? म्हातारा म्हणाला, "आमनं गाव घोडावर शे, मास्तर." मग हसून त्याने साक्री तालुक्यातलं गाव सांगितलं. तिथे घर होतं, रेशनकार्ड होतं, थोडी कोरडवाहू जमीनही होती. धाकटा मुलगा सुरतेला मागावर, थोरला मेंढ्यांमागे. रात्रीचा भाव त्याने आमच्याकडून धान्य आणि रोख असा ठरवून घेतला. दोन रात्रींच्या लेंडीखताने ती पट्टी पुढची दोन वर्षं वेगळी ओळखू येत होती. आमच्या शेतीला तो हवा होता, त्याला आमची उभी धसकटं. त्याची लोकर आणि बोकड बाजारात, मुलाची कमाई मोबाइलवर. एका कुटुंबात तुमचे पाचही टप्पे हजर, आणि प्रत्येकाची दुसऱ्याला गरज.

थोडक्यात उजळणी हवी असेल तर मी प्रत्येक समाजाला तीन प्रश्न लावतो: साठा कुणाकडे आहे, कामाचा जोर कुठून येतो, आणि कधी हलायचं हे कोण ठरवतं. पाटण्याच्या टोळीत ऋतू ठरवत होता, फडावर पंच, १८५२ मध्ये मामलेदार, गिरणीत भोंगा. ठेलाऱ्याच्या बाबतीत अजूनही बरंचसं तो स्वतः ठरवतो, पण आक्रसणारी कुरणं आणि वनखातं त्याचे पर्याय दरवर्षी कमी करत आहेत.

परीक्षेत काय लिहायचं? पाच टप्पे लिहा, तपासणारा तेच शोधतो. प्रत्येकाखाली मात्र एक ओळ कारणाची आणि एक अपवादाची घाला. अपवादाला इनामगाव पुरेसं आहे. आणि सवड झाली तर उन्हाळ्यात, पिकं निघाल्यावर, प्रकाश्याला किंवा बहाळला जा. गावात "पांढरी कुठे" असं विचारा, कुणीही दाखवेल. नक्षीचं खापर दिसलं तर बघा, फोटो काढा आणि जिथलं तिथे ठेवा. मी एक खिशात घातलं होतं, अजून टेबलाच्या खणात आहे, आणि कुठल्या थरातलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही.